फोन आहे की!

घरात अजून कॉम्प्युटर असेल तर आधी तो काढा. दिवाळीची साफसफाई हा चांगला मुहूर्त, पण पितृपक्षातही चालेल. भंगारवाला येईल, मॉनिटरवरचं कव्हर दोन बोटांनी उचलून आत बघेल आणि म्हणेल, "साहेब, याला काय भाव नाय. आता फोनवरच होतंय सगळं." त्याच्याशी वाद घालू नका. आमचा २००४ साली पतपेढीचं कर्ज काढून घेतलेला कॉम्प्युटर असाच एका फुटक्या कुकरबरोबर गेला. कुकरचे पैसे जास्त आले.

टेबल मात्र देऊ नका. कीबोर्डसाठी जी सरकती फळी असते ना, तिच्यावर बीपीच्या गोळ्या, विजेची बिलं आणि इस्त्रीवाल्याची वही फार छान राहते. वर, जिथे मॉनिटर होता, तिथे चार्जर ठेवा. चारही. माणशी एक फोन म्हटल्यावर चार्जर चार आणि त्यातला धड चालणारा एक, हे प्रमाण आमच्या बिल्डिंगमध्ये तरी सगळ्या घरांत सारखंच आहे.

कोणी खोचकपणे विचारेलच, की काय हो, कॉम्प्युटर परवडत नाही का? ठणकावून सांगा, नाही परवडत. चाळीस हजारांची वस्तू घ्यायची आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून दहा वर्षं वापरायची, ही चैन आपल्याला कशी झेपणार? त्यापेक्षा पंचवीस-पंचवीस हजारांचे चार फोन घ्यावेत, दर तीन वर्षांनी बदलावेत. हप्त्यांवर घेतले की ते महाग वाटत नाहीत.

एक अडचण येते ती दसऱ्याला. पूर्वी सीपीयूवर कुंकवाचं स्वस्तिक काढून झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान ठेवलं की भागायचं. आता पाटावर फोन मांडायचे. पण पूजा झाली हे बाकीच्यांना कळणार कसं? फोटो काढायला एक फोन उचलावाच लागतो. आमच्याकडे दरवर्षी एका फोनची पूजा राहते, आणि वर्षभर नेमका तोच हँग होतो.

असो. कॉम्प्युटर गेल्यावर पहिली परीक्षा बघतो तो ऑनलाइन फॉर्म. मुलगी बँकेच्या परीक्षेला बसायचं म्हणते. फोन घेताना तुम्ही ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा बघून घेतलेला असतो. त्याने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा भरतो, आणि फॉर्म म्हणतो, फोटो २० ते ५० केबीत हवा, सही १० ते २० केबीत. म्हणजे ज्या बारकाव्यासाठी पैसे मोजले, तो शंभर पटींनी कमी करून द्यायचा. (१.४४ एमबीची फ्लॉपी आठवते? असले अठ्ठावीस फोटो तिच्यात बसले असते. आपण उगाच तिला हसलो.) घाबरू नका. फोटो लहान करणारी अ‍ॅप्स ढिगाने आहेत, त्यातलं एक उतरवून घ्या. ते आधी तुमचे कॉन्टॅक्ट बघायची परवानगी मागेल. देऊन टाका. फोटो बारीक करायला तुमच्या मावशीचा नंबर लागत असणार, त्याशिवाय कशाला मागतील? मग अर्धा मिनिट जाहिरात बघा. मग फोटो ५१ केबीचा येईल. पुन्हा करा. आता १९ चा येईल.

फोटो जमेपर्यंत ओटीपी येतो. तो बघायला मेसेजमध्ये जा. फोनची मेमरी तोवर पंधरा टॅब आणि व्हॉट्सअ‍ॅपने भरलेली असते, त्यामुळे तुमची पाठ वळली की ब्राउझर फॉर्मचं पान मेमरीतून काढून टाकतो. परत याल तेव्हा तो ते नव्याने उघडून देतो, कोरं करकरीत. आईचं नाव, दहावीचे गुण, जातीच्या दाखल्याचा नंबर, सगळं धुतलं गेलेलं. मनाला लावून घेऊ नका. तिसऱ्या खेपेला दाखल्याचा नंबर तोंडपाठ होतो, आणि पाठांतर आपल्या संस्कृतीत चांगलंच मानलंय.

काही साइटवर 'पुढे जा' हे बटणच सापडत नाही, कारण ते फोनच्या काचेच्या उजवीकडे, साधारण शेजाऱ्यांच्या हद्दीत असतं. तेव्हा वर कोपऱ्यातली तीन टिंबं दाबा आणि 'डेस्कटॉप साइट' वर बरोबरची खूण करा. याने काय होतं ठाऊक आहे? तुमचा फोन त्या साइटला धडधडीत खोटं सांगतो, की मी कॉम्प्युटर आहे. तिकडून कॉम्प्युटरच्या मापाचं पान येतं आणि साडेसहा इंचांत मावण्यासाठी अक्षरं मोहरीएवढी होतात. ज्याला आपण कुकरबरोबर तराजूत घातला, त्याचंच सोंग पंचवीस हजारांच्या फोनला घ्यावं लागतं. पण सोंग वठतं, हे महत्त्वाचं. चष्मा कपाळावर ढकला, फोन नाकाशी धरा आणि भरा.

आता सोसायटीकडे वळू. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. ही जागा मला कशी मिळाली ते सांगत नाही. सभेला उशिरा गेलो एवढंच. हिशेब एक्सेलमध्ये ठेवायचा ठराव झाला आणि कोणीतरी म्हणालं, "फोनवर एक्सेल असतं की." असतं, खरंच असतं. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात. फोनवर त्यातले साडेतीन रकाने दिसतात. तेव्हा माझी पद्धत सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल. डावीकडे फ्लॅट नंबर बघायचा, तो तोंडाने पुटपुटत राहायचा, अंगठ्याने हिशेब उजवीकडे सरकवायचा, ऑक्टोबरचा रकाना आला की थांबायचं आणि रक्कम टाकायची. मध्ये कोणी "चहा घेणार का?" विचारलं की नंबर विसरतो आणि पैसे वरच्या मजल्यावर जमा होतात. गेल्या वर्षी बी-१२ ने भरलेला मेंटेनन्स मी बी-२१ च्या नावावर टाकला. बी-२१ वाल्यांनी ती चूक दाखवून दिली नाही. बी-१२ वाले अजून जिन्यात भेटले की भिंतीकडे बघतात.

आणि बोटं! एकेका चौकोनाची उंची तांदळाच्या दाण्याएवढी, आणि आपला अंगठा हा असा. बेरजेचं सूत्र ज्या चौकोनात असतं त्याच्यावर नुसता अंगठा टेकला आणि चुकून एक आकडा उमटला की सूत्र गेलं, तिथे तो आकडा बसला. वार्षिक सभेत लेखापरीक्षकांनी विचारलं, "एकूण जमा सात रुपये कशी?" मी म्हटलं, फोनवर केलंय. सभेने ते कारण मान्य केलं. सगळ्यांचेच हिशेब फोनवर असल्याचा हा फायदा.

इतिवृत्त लिहायचं असेल तर टाइप कशाला करता, बोला. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला आजही मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्दांचं लागतं. फोनशी बोललात तर त्याच्या तिप्पट वेगाने होतं. माझं पूर्ण इतिवृत्त मी एकदा असंच बोलून तयार केलं आणि न वाचता ग्रुपवर टाकलं. 'ठराव सर्वानुमते मजूर' झाला होता, आणि पत्राच्या शेवटी 'कळावे' च्या जागी 'कावळे, लोभ असावा' असं होतं. दोघांनी त्यावर नमस्काराचे हात पाठवले. वाचत कोणीच नाही, मग शुद्धलेखनासाठी कीबोर्ड कशाला हवा?

कागदपत्रं स्कॅन करणं तर फोनवर फारच सोपं. खिडकीशी पलंगावर कागद ठेवा, वर उभे राहा, फोटो काढा. कागदावर फोनची सावली, कडेला अंगठा आणि मागे चादरीवरचे मोर येतील. हे तिन्ही आले की ते स्कॅन ग्राह्य धरतात. यासाठीचं कॅमस्कॅनर हे अ‍ॅप २९ जून २०२० ला केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅप्समध्ये होतं. अ‍ॅप बंद झालं, शब्द राहिला; हापिसातून फोन येतो तो अजूनही "जरा कॅमस्कॅन करून पाठवा" असाच.

फाइल उतरवून घेतली की ती 'डाउनलोड' मध्ये जाते. फोनमध्ये डाउनलोड तीन ठिकाणी असतं. जास्त शोधू नका, पुन्हा उतरवा. माझ्याकडे एका विमा पॉलिसीच्या अकरा प्रती आहेत. एवढी विम्याची रक्कमही नाही.

आता न्यायाचं बोलायचं तर गावाकडे माझा चुलतभाऊ या बाबतीत माझ्यापेक्षा सुखी आहे. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप राज्यात १५ ऑगस्ट २०२१ ला आलं तेव्हापासून तो बांधावर उभा राहतो, सोयाबीनचा फोटो काढतो आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढवतो. हे काम फोनचंच. कॉम्प्युटर काय रानात नेणार? रेंजसाठी त्याला विहिरीच्या कठड्यावर चढावं लागतं, पण ते मी चेष्टेत धरत नाही. डिजिटल सहीचा सातबाराही तो पंधरा रुपये भरून फोनवरच घेतो. मात्र गावच्या सोसायटीच्या कर्जाला कागद लागतो, तेव्हा प्रिंटसाठी एसटीने तालुक्याला जातो. तिकीट आणि चहा धरून सातबारा त्याला नव्वदला पडतो.

इथे मुख्य सल्ला येतो. घरात कॉम्प्युटर नसला तरी कोणाच्या तरी घरात तो असला पाहिजे, आणि त्या घराशी संबंध चांगले पाहिजेत. सोयरीक जमवताना याचा विचार करायला हरकत नाही. आयटीतला जावई मिळाला म्हणून आम्ही हुरळून गेलो होतो. पण त्याचा लॅपटॉप कंपनीचा निघाला. त्यात पेनड्राइव्ह चालत नाही, आपलं काही टाकता येत नाही, आणि त्यावर माझा निवृत्तिवेतनाचा फॉर्म भरला तर म्हणे बंगळुरात कोणाला तरी दिसतं. जावई मोठ्या मनाचा. म्हणाला, "बाबा, फोन द्या, मी फोनवर करून देतो." त्याचाही फोटो ५१ केबीचा आला.

म्हणून शेवटी सगळे रस्ते झेरॉक्सच्या दुकानात जातात. आमच्या नाक्यावर एक आहे, आठ बाय दहाचं. आत दोन कॉम्प्युटर, धुळीने करडे झालेले, आमच्या भंगारात गेलेल्याचे सख्खे भाऊ शोभावेत असे. सगळ्या वॉर्डाचा कारभार त्या दोघांवर चालतो: प्रवेश, दाखले, पासपोर्ट, लग्नाचे बायोडेटा. बाहेर रांगेत आपण सगळे, हातात अद्ययावत फोन घेऊन. काचेवर पुठ्ठा लावलाय, त्यावर दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि खाली स्केचपेनने: 'फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.'

इथे वागण्याची रीत शिकून घ्या. एटीएममध्ये पिन टाकताना आपण पाठीमागच्याकडे वळून बघतो, हाताचा आडोसा करतो. झेरॉक्सवाल्याला मात्र आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि रद्द केलेला चेक एका दमात पाठवायचा. आधारची पीडीएफ पासवर्ड मागते. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तो मुलगा मान वर न करता ओरडतो, "काका, साल कुठलं?" आपणही तेवढ्याच मोठ्याने सांगायचं. मागच्या बाईंनी परवा माझं साल ऐकून "वाटत नाही हो" म्हटलं, तेवढंच समाधान.

त्या मुलाचे दहा बोटांचे हात कीबोर्डवर चालताना बघत राहावंसं वाटतं. मला जो फॉर्म तीन दिवस पुरला, तो त्याने गाणं गुणगुणत चार मिनिटांत भरला. फोटो ५० केबीच्या आत बसवला, बरोबर ४८ वर आणून. जाहिरात नाही, काही नाही. मी म्हटलं, "बाळा, घरी कॉम्प्युटर आहे का रे तुझ्या?"

"नाय काका. फोन आहे की."

परवा बँकेत केवायसीसाठी पुन्हा जायचं होतं, म्हणून दुकानात गेलो. फोन काढला, डाउनलोडमध्ये शिरलो, आधार सापडेना. दुसऱ्या डाउनलोडमध्ये शिरलो. रांग मागे चुळबुळायला लागली. मुलाने माझ्याकडे बघितलं, माउस दोनदा टिचकवला, आणि प्रिंटर घरघरायला लागला.

"राहू द्या काका, पाठवू नका," तो म्हणाला. "तुमचं सगळं आहे आमच्याकडे."