सहा-सात-आठ आणि एक कचोरी

राजस्थानला जायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात किल्ले नव्हते, वाळवंट नव्हतं, आणि उंट तर नव्हतेच नव्हते. मनात होती जोधपूरची प्याज कचोरी. ऑफिसातला एक मित्र नोकरीच्या निमित्ताने तिथे दोन वर्षं काढून आलाय. कचोरीचा विषय निघाला की तो डोळे मिटतो आणि थोडा वेळ बोलतच नाही. एवढं मला पुरेसं होतं.

आईची अट मात्र एकच: जायचं तर आपल्या मराठी टूरबरोबर. "तिकडे खाण्याचे हाल होत नाहीत." टूरच्या माहितीपत्रकातही ठळक छापलं होतं, 'वाळवंटातसुद्धा घरच्यासारखं जेवण!' मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. घरचं जेवण मी घरी खातोच की. पण डिसेंबरच्या सुट्टीची गर्दी, लेकीची शाळा, बायकोची रजा या सगळ्यातून तेवढी एकच तारीख जमत होती. पैसे भरले. तिकडे आईने लगेच चिवडा करायला घेतला.

जयपूरला पहिल्या रात्री मॅनेजरने (वय फार तर सव्वीस, आवाज सभा गाजवणाऱ्याचा) माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "मंडळी, उद्या सहा-सात-आठ!" मला वाटलं, कवायत आहे. बायकोने समजावलं: सहाला उठवायचा फोन, सातला नाश्ता, आठला बस. लांबचा प्रवास असेल तर पाच-सहा-सात. बिकानेरहून निघताना तर चार-पाच-सहा झालं. रोज रात्री जेवणानंतर हे आकडे ऐकायला लोक मटक्याच्या निकालासारखे टपून बसायचे. पुढे पुढे मला अगदी हताशपणे जाणवायला लागलं की मी वर्षभर ऑफिसला जातो ते नऊ-साडेनऊ-दहा, आणि सुट्टी घेऊन इथे आलोय.

आता एका खोलीत चार माणसं आणि एक न्हाणीघर. सहाचा फोन म्हणजे आई साडेचारला उठणार, पाचला गरम पाणी संपवणार आणि सव्वापाचला पलंगाच्या कडेला तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन, आमच्याकडे बघत बसणार. काही बोलणार नाही. नुसतं बघणार.

बसमध्ये जागांचं चक्र होतं. रोज दोन रांगा मागे सरकायचं, म्हणजे कुणावर अन्याय नको. तत्त्व म्हणून उत्तमच. पण पहिल्याच दिवशी एका काकांनी सांगितलं की त्यांना मागे बसलं की बस लागते. दुपारपर्यंत अकरा जणांना बस लागायला लागली. चौघांचे गुडघे निघाले. एका काकूंच्या गुडघ्याचा एक्स-रे म्हणे मोबाइलमध्येच होता. आम्ही चारही जण धडधाकट निघाल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून जे शेवटच्या रांगेत गेलो ते तिथलेच झालो. राजस्थानातला प्रत्येक गतिरोधक मी नावानिशी ओळखतो.

स्थळं दोन प्रकारची असतात, हेही नव्यानेच कळलं: उतरून बघायची आणि बसून बघायची. हवामहल बसून. १७९९ साली बांधलेला पाच मजली महाल, त्याला ९५३ खिडक्या, आणि तो आम्ही बघितला बसच्या एका खिडकीतून. तीसुद्धा डावीकडच्यांची. उजवीकडचे आम्ही त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर बघत होतो. आतून बाहेरचं बघावं पण आपण कुणाला दिसू नये, यासाठीच त्या खिडक्या बांधल्या असं मॅनेजर सांगत होता. आमच्या बाबतीत उलट झालं. रस्त्यावरच्या सगळ्यांना आम्ही नीट दिसलो.

जंतरमंतर मात्र उतरून. राजा सवाई जयसिंगाच्या या वेधशाळेतलं सम्राट यंत्र म्हणजे साधारण २७ मीटर उंचीचं सूर्यघड्याळ. त्याची सावली दोन-दोन सेकंदांचा हिशेब देते. लेक खगोलशास्त्राची पुस्तकं वाचते, त्यामुळे तिथे ती खरी रमली. गाइडला विचारून तिने शोधून काढलं की हे घड्याळ जयपूरची स्वतःची वेळ दाखवतं. आपल्या मनगटावरची भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची, जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे या दिवसांत सावली आपल्या घड्याळाच्या जवळजवळ अर्धा तास मागे असते. हे शास्त्र पुढे माझ्या इतकं उपयोगी पडेल असं त्या क्षणी वाटलं नव्हतं. "चला मंडळी, पाच मिनिटं!" असा पुकारा झाला आणि दोन सेकंदांच्या त्या यंत्राला आम्ही एकूण बारा मिनिटं दिली.

सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड हंडे आहेत. जयपूरचे महाराजा माधोसिंह १९०२ मध्ये तिथल्या राजाच्या, सातव्या एडवर्डच्या, राज्याभिषेक सोहळ्यासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा परक्या मुलखात पाण्याचे हाल नकोत म्हणून असल्या हंड्यांतून गंगाजल भरून घेऊन गेले. एकेका हंड्याचं वजन सुमारे ३४० किलो. आई त्या हंड्यापुढे हात जोडून उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. मी चार किलो चिवडा आणला तर तुम्ही हसलात."

आणि जेवण! एकदा भात वाढला, की माणूस पानावरून उठेपर्यंत वाढपी हटत नाही. पहिल्या दिवशी वरणभात-तूप, दुसऱ्या दिवशी भरली वांगी, तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, आणि ती गुरुवार होता म्हणून. टूरचे आचारी आमच्या आधी पुढच्या गावी पोहोचलेले असायचे. हॉटेलच्या त्याच हॉलमध्ये पलीकडे दुसरे पाहुणे दाल-बाटी चुरत असायचे, केर-सांगरी वाढून घ्यायचे, आणि मी मटकीच्या उसळीत पाव बुडवत तिकडे बघायचो. एकदा ताट घेऊन हळूच त्या बाजूला सरकलो, तर मॅनेजर धावत आला. "सर, आपलं इकडे!"

जैसलमेरच्या किल्ल्यात लोक अजून राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात, गल्लीत स्कूटर उभ्या असतात. मला तो सगळ्यात आवडला. पण संध्याकाळी सम गावच्या वाळूत टूरचं 'सरप्राइज' होतं. कालबेलिया नाच संपला, थंडीने बोटं वाकेनात, आणि मॅनेजरने मोठ्या पातेल्यावरचं झाकण उचललं. पिठलं-भाकरी! ठेच्यासकट! लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका काकांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं; ठेच्याने असेल, पण त्यांनी ते पुसलं नाही. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. चांगली होती, हेच तर दुखणं.

सहाव्या दिवशी जोधपूर. मेहरानगडाची पायाभरणी राव जोधाने १४५९ साली केली. बुरुजावरून खाली निळ्या घरांचं गाव पसरलेलं दिसतं. सगळे निळा रंग बघत होते, मी कढईचा धूर शोधत होतो. मग घंटाघराजवळ खरेदीसाठी तीस मिनिटं मिळाली. बायको आणि आई बांधणीच्या दुकानात शिरल्या. मी सटकलो.

तिसऱ्या गल्लीत सापडली. काळीभोर पसरट कढई, आणि तिच्यात तळहाताएवढ्या बारा-पंधरा कचोऱ्या निवांत पडलेल्या. तेल उकळतबिकळत नव्हतं. कडेने बारीक बुडबुडे येत होते, एवढंच. मी म्हटलं, "भैया, जल्दी." त्याने झाऱ्याने एक कचोरी उलटली, दुसरी उलटली, माझ्याकडे बघितलंही नाही. "धीमी आंच की चीज है, साब. जल्दी करोगे तो अंदर कच्ची." माझा सहा दिवसांचा सहा-सात-आठ त्या कढईच्या काठावर येऊन आदळला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. कांदा, बडीशेप आणि हिंगाचा वास अंगावर येत होता. फोन वाजला. "सर, सगळे बसलेत. फक्त तुम्ही."

एकट्यापुरती घेऊन बसमध्ये चढणं शक्य नव्हतं. बारा घेतल्या. दोन्ही हातांत तेलाने पारदर्शक झालेल्या पिशव्या घेऊन मी धावत आलो, तेव्हा बस सुरू होती आणि अडतीस माणसं खिडकीतून माझ्याकडे बघत होती.

"पंचवीस मिनिटं उशीर," मॅनेजर म्हणाला.

"जंतरमंतरच्या हिशेबाने मी वेळेवर आहे," मी म्हटलं.

"उलट जोधपूर आणखी पश्चिमेला आहे, बाबा," मागून लेक ओरडली. "तू लवकरच आलास!"

हा युक्तिवाद चालला नाही. उशिरा येणाऱ्याने माइकवर गाणं म्हणायचं, हा टूरचा कायदा. पिशव्या मी विश्वासाने आईकडे दिल्या. पहिलं कडवं होईपर्यंत आईने कचोऱ्यांचे चार-चार तुकडे केले होते. दुसऱ्या कडव्याला ते प्रसादासारखे रांगारांगांतून फिरायला लागले. बस लागणारे अकराही जण मागे वळून हात पुढे करत होते. "वन्स मोअर!" ते एक्स-रेवाल्या काकूंनी, तोंडात घास असताना. मी तिसरं कडवं म्हणून शेवटच्या रांगेत पोहोचलो. पिशवीत तेल होतं, बडीशेपेचे चार दाणे होते आणि कडेचा एक पापुद्रा. तो मी खाल्ला. मित्र डोळे का मिटतो ते समजलं.

उदयपूरला शेवटच्या रात्री अभिप्रायाचे फॉर्म वाटले. आमच्या घराचा आईने भरायला घेतला. 'जेवण कसे होते?' या प्रश्नापाशी तिने चष्मा सारखा केला आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'उत्तम. अगदी घरच्यासारखे.' मग खाली सूचनांच्या रकान्यात, मला दिसणार नाही अशा बेताने हात आडवा धरून, 'कचोरी प्रत्येकी अख्खी द्यावी.'