जरा जोर लावा की!

गाडीचं चेपलेलं दार पाहून डेंटर म्हणाला, "खड्डा निघेल साहेब, रंगाला हातही लावायला नको. फक्त ती काळी पट्टी काढून आणा."

"तुम्हीच काढा ना."

"पट्टीला आम्ही हात लावत नाही. क्लिपा तुटतात, मग गिऱ्हाईक भांडतं."

ज्याचं पोट गाड्यांच्या दारांवर चालतं तो पट्टीला घाबरतो, आणि ज्याने आयुष्यात वायपरही बदललेला नाही त्याने ती घरून काढून आणायची! दाढीला गेल्यावर न्हाव्याने "साबण घरूनच फासून या" म्हणावं, त्यातलाच प्रकार. वर्कशॉपमध्ये विचारलं. ते पट्टी काढतात, पण त्याआधी एका कागदावर आपली सही घेतात, की काढताना क्लिपा तुटल्यास वर्कशॉप जबाबदार नाही. आणि क्लिपा सुट्या येत नाहीत, तुटल्या तर अख्खी पट्टी नवी घ्यायची. म्हणजे तोडणारेही तेच आणि विकणारेही तेच. सहीसाठी पुढे केलेलं पेन सुतळीने टेबलाला बांधलेलं होतं. पाच रुपयांच्या पेनाची एवढी काळजी, आणि माझ्या दाराची जबाबदारी नाही! मी कागद परत केला.

खड्डा कसा पडला ते विचारू नका. कुणीतरी स्कूटरचं हँडल घासलं. आमच्या सोसायटीत सीसीटीव्ही आहे, पण तो जिन्याखालच्या चपलांच्या रॅकवर रोखलेला आहे.

तर पट्टी. दाराच्या खालच्या अंगाला जी आडवी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती बाहेरून चिकटवल्यासारखी दिसते, पण तिच्या पाठीला ओळीने क्लिपा असतात आणि त्या दाराच्या पत्र्यातल्या भोकांत बसलेल्या असतात. क्लिपेचं टोक बाणाचं. आत जाताना त्याचे पंख मिटतात, पत्रा ओलांडला की उघडतात. कारखान्यात कामगार पट्टी भोकांवर धरतो, तळहाताने चार ठोसे मारतो, की पुढची गाडी. घालायला काही सेकंद. काढायचा विचार ज्याने ही क्लिप आखली त्याने केला असेल, पण तो आपल्यासाठी केलेला नाही. त्यात प्लॅस्टिक वर्षानुवर्षं उन्हात तापून ठिसूळ होतं आणि थंडीत आणखी कडक. आणि ही सगळी विद्या मला पुण्यातल्या ऐन थंडीतल्या रविवारी सकाळी वापरायची होती.

तयारी मात्र मी चोख केली होती. स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, रंग खरवडतो. म्हणून प्लॅस्टिकची चपटी पटाशी आणली. दार धुऊन पुसलं, कारण पट्टीखाली अडकलेली माती पॉलिश पेपरचं काम करते. पट्टीच्या वरून-खालून मास्किंग टेप लावली. मागच्या टोकाला डबल टेप असेल तर ती ओढायची नाही, करवतीने कापावी तशी मागेपुढे तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, चालवून कापायची, म्हणून तंगूसही आणली. आणि प्लॅस्टिक मऊ पडावं म्हणून बायकोचा हेअर ड्रायर. तो देताना तिने "परत येईल ना?" एवढंच विचारलं. वॉचमन मामांच्या केबिनमधून एक्स्टेंशन बोर्ड ओढला, ड्रायर सुरू केला, आणि बी विंगमधून काका उतरले.

कानटोपी, हातात दुधाची रिकामी पिशवी. वीज खात्यातून निवृत्त. मला वाटलं डेअरीवर निघालेत. पण काका गाडीपाशी थांबले, पिशवीची घडी करून खिशात ठेवली, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं की आज यांच्या घरचा चहा उशिरा होणार.

"केस कुणाचे वाळवताय?"

"पट्टी काढतोय काका. गरम केली की क्लिपा तुटत नाहीत."

"मग उन्हात लावायची गाडी. फुकटची उष्णता."

आमच्या पार्किंगमध्ये सकाळचं ऊन फक्त एका जागेवर येतं. त्या जागेवर काकांची गाडी असते. ती गेल्या दिवाळीपासून हललेली नाही. मी हे बोललो नाही, ड्रायर फिरवत राहिलो.

"किती वॅटचा आहे?"

"काय?"

"ड्रायर. वॅट, वॅट."

मी उलटा करून पाहिलं. "बाराशे."

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "बोर्ड केबिनमधला. म्हणजे कॉमन मीटर. बाराशे वॅट, दहा मिनिटं... झिरो पॉइंट टू युनिट. युनिटला सगळं धरून दहा रुपये पकडू. दोन रुपये झाले."

"देतो की काका."

"द्यायचा प्रश्न नाही हो. प्रश्न तत्त्वाचा आहे. उद्या कुणी इथे इस्त्री करेल." मग मामांकडे वळून, "मामा, रजिस्टरला घ्या. ड्रायर सुरू, नऊ वीस."

मामांच्या रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर, कुणाकडे, येण्याची वेळ, जाण्याची वेळ असे रकाने आहेत. मामांनी नावाच्या रकान्यात 'ड्रायर' लिहिलं आणि 'कुणाकडे' ला पेन अडलं. "साहेब, कुणाकडे आलाय म्हणून लिहू?" काका म्हणाले, "गाडी नंबर लिहा." मामांनी लिहिला. ज्या स्कूटरने माझं दार चेपलं तिची या रजिस्टरमध्ये एका अक्षराची नोंद नाही, हे मला त्या क्षणी फार लागलं. पण माझ्या हातात ड्रायर सुरू होता आणि पैसे पडत होते.

पट्टीचं पुढचं टोक पटाशीने उचलून पाहिलं. हलेना. नियम असा की पट्टी मधूनच धरून ओढायची नाही. क्लिप जिथे असेल त्याच्या अगदी शेजारी पटाशी सारायची आणि सरळ बाहेर, काटकोनात, ओढायची. वर-खाली हलवली की क्लिपेची मान जाते. मी तसंच करत होतो. काका माझ्या खांद्यावरून वाकले होते.

"जरा जोर लावा की."

"जोर लावला की तुटते काका."

"माझ्या पद्मिनीची पट्टी स्टीलची होती. एका झटक्यात."

आता पद्मिनी निघाली म्हणजे कुर्ल्याचा कारखाना निघणार, तिचं आधीचं नाव फियाट होतं हे निघणार, स्टिअरिंगवरचा गिअर निघणार. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली, तेव्हा काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो टाकला होता आणि निम्म्या लोकांनी तो कुणातरी नातेवाइकाचा समजून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. ते सगळं आज पुन्हा झालं. मधे मी दमून ड्रायर बंद केला तर काका बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "मामा, आउट टाका." सुरू केला की "इन."

मग काकांनी मोबाइलचा टॉर्च लावला. मला वाटलं मदत. टॉर्च ते स्वतः बघतील तिकडे फिरायचा, म्हणजे मी पट्टीच्या टोकाशी आणि उजेड टायरवर. त्या टायरमध्ये हवा कमी आहे हेही कळलं. आणि असा उजेड फिरवता फिरवता ते दार उघडून त्याच्या कडेला वाकले आणि म्हणाले, "हे रबराचं बुच कशाला आहे?"

बुचाखाली स्क्रू होता. पट्टीचं पुढचं टोक त्या स्क्रूने धरलेलं होतं, म्हणून ते हलत नव्हतं. कितीही गरम केलं असतं तरी हललं नसतं.

हे मला काकांनी दाखवावं, यापरता अपमान नाही. निर्लज्जपणे "अच्छा" म्हणालो आणि स्क्रू काढला. त्यानंतर मात्र काका उभे राहिले नाहीत, त्यांनी मामांची खुर्ची मागवली.

पहिली क्लिप 'टप्' करून सुटली. सबंध! दुसरीही. तो आवाज इतका गोड असतो की माणूस हावरट होतो. तिसरी सुटली. चौथीशी काका पुन्हा म्हणाले, "आता लावा की जोर, स्क्रू निघालाय," आणि मी जोर न लावताही 'कट्' झालं. एक निराळाच, कोरडा आवाज. मागोमाग दाराच्या पोटात काहीतरी टुकटुकत खाली गेलं.

"मोडलं का?" काकांच्या स्वरात दुःख नव्हतं.

"क्लिपेचं टोक आत पडलं."

काका उठले, दार उघडलं, आपटलं. खुळ्. पुन्हा उघडलं, आपटलं. खुळ्. "वाजणार आता हे," ते म्हणाले. "कायमचं." त्यांनी मामांनाही बोलावून ऐकवलं. मामांनी दार आपटून खात्री केली. दुधाला निघालेल्या ए विंगच्या एका आजोबांनीही आपटून पाहिलं. दाराच्या तळाला पाणी जाण्याची भोकं असतात, पण ती पाण्यापुरतीच. क्लिपेचं टोक त्यातून बाहेर येत नाही. ते काढायचं तर आतलं पॅनेल उघडायला हवं, आणि आतल्या पॅनेललाही क्लिपाच असतात.

उरलेल्यांतली आणखी एक गेली. डबल टेप मात्र तंगुसीने सुरेख कापली, पण त्या वेळी बघायला कुणी नव्हतं. काका दुधाला गेले होते.

तुटकी क्लिप खिशात घालून नाना पेठेत गेलो. दुकानदाराने तिच्याकडे दोन सेकंद पाहिलं, मागे वळला आणि खोक्यातून हुबेहूब तशी काढली. शंभर रुपयांत दहा. सुट्या मिळतच नाहीत म्हणणाऱ्या वर्कशॉपपासून हे दुकान फार लांब नाही. प्रत्येक क्लिपेला फोमची चकतीही होती, म्हणजे भोकातून पाणी आत जाऊन पत्रा सडणार नाही. मी विचारलं, "काढताना तुटू नयेत म्हणून काय करायचं?" तो म्हणाला, "तुटणारच. म्हणून तर आम्ही आहोत."

हे वाक्य मला डेंटरला ऐकवायचं होतं, पण पट्टी काढलेली गाडी पाहून तो म्हणाला, "वा, एवढं सोपं होतं होय?" आणि खड्डा काढायला लागला.

आता दाराला खड्डा नाही. दार वाजतं. काल संध्याकाळी खजिनदार घरी आले, सोबत रजिस्टरच्या पानाचा फोटो. इन-आउट धरून ड्रायर अर्धा तास चालला होता. शून्य पूर्णांक सहा युनिट, सहा रुपये. पावतीवर 'किरकोळ जमा' असं लिहून आणलं होतं. मी दहाची नोट दिली. सुटे नाहीत म्हणाले, चार रुपये पुढच्या मेंटेनन्समध्ये वळते करू. मी म्हटलं, तेवढं पावतीच्या मागे लिहून द्या. त्यांना ते आवडलं नाही. पण मी लिहून घेतलं.