शोरूमचं बिल आणि बाबांचा २१ चा पाना

परवा शाळेच्या ग्रुपवर एकाने त्याच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या नोटीस बोर्डाचा फोटो टाकला. "पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. कृपया सोसायटीचा दर्जा राखावा." झालं काय होतं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराने, आयटीत आहे म्हणे, रविवारी सकाळी स्वतःच्या बाइकचं ऑइल स्वतः बदललं. त्याचाही फोटो होता, कोणीतरी वरून गॅलरीतून काढलेला. खाली जुने पेपर पसरलेत, ट्रे ठेवलाय, बाजूला फडकं, सगळं नीटनेटकं. आणि त्याच्यावर ग्रुपवर नुसती झुंबड. येवढा पगार घेतो आणि शोरूमला द्यायला जिवावर येतं का, पाचशे रुपयांत माणूस घरी येऊन करून देतो, हात कशाला काळे करायचे, वॉरंटी गेली की कळेल. मी दोनच ओळी लिहिल्या की यात त्या पोराचं काय चुकलं मला कळत नाही. तर सात वर्षं माझ्या बाकावर बसलेला मित्र लिहितो, "तुमचं तिकडचं वेगळं रे, मजुरी परवडत नाही म्हणून करता. आम्हाला गरज नाही."

तीन दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

परवडत नाही म्हणून करतो हे अर्धं खरं आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. इथे जर्मनीत ब्राउनश्वाइगला डीलर ऑइलचे लिटरला २८ युरो लावतो, तेच फोक्सवॅगनच्या ५०४-५०७ मानकाचं ऑइल ऑनलाइन ९ युरोला मिळतं. म्हणून माझ्या ऑफिसातले कितीतरी लोक इन्स्पेक्शनला, म्हणजे सर्व्हिसिंगला, गाडी देताना डिकीत स्वतःचा ऑइलचा डबा ठेवतात, काउंटरवर सांगतात की डब्यातलं घाला, आणि तो घालतो. तोंड वाकडं करत नाही. पुण्यात जाऊन असं करून बघा, सर्व्हिस ॲडव्हायझर तुमच्याकडे असा बघेल की जणू हॉटेलात घरून पोळ्या घेऊन आलात. पण पैसे बाजूला ठेवले तरी मी हे करेन. आपण जी गाडी घेतली तिच्या पोटात काय आहे हे आपल्याला माहीत असावं येवढीच माझी अपेक्षा आहे आणि त्यात दर्जा कुठे घसरतो हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

गेल्या वर्षी बाबांच्या गाडीचं बिल मी बघितलं. छोटी पेट्रोल गाडी, वर्षभरात ३,२०० किलोमीटर चाललेली, म्हणजे भाजी मंडई, बँक, आणि महिन्यातून एकदा आत्याकडे चिंचवडला. ऑइल-फिल्टर वर्षातून एकदा बदलायचं असतं, किलोमीटर कमी असले तरी, ते बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बिल होतं ९,८४० रुपये. त्यात इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, अंडरबॉडी कोटिंग, अलाइनमेंट, बॅलन्सिंग. ऑइल, फिल्टर आणि वॉशर मिळून दीड-दोन हजाराच्या वर जायला नको. मी गाडीचं मॅन्युअल काढून शेड्यूलचं पान बघितलं, त्यात इंजिन फ्लश नाही, ड्रेसिंग तर नाहीच नाही, ते म्हणजे इंजिनवर मारायचा चकचकीत स्प्रे. बाबा ७४ वर्षांचे आहेत, काचेच्या केबिनमध्ये एसीत बसवलं, चहा दिला, "सर हे रेकमेंडेड आहे" म्हटलं, त्यांनी सही केली. आयुष्यभर भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घातलेला माणूस. मी फोनवर म्हटलं बाबा एकेक ओळ विचारायची ना, तर म्हणाले, "अरे तिथे विचारायला कसंतरीच वाटतं."

कसंतरीच वाटतं. हीच सगळी गोष्ट आहे. माहिती नसली की विचारायची लाज वाटते आणि लाज वाटली की सही होते.

आणि वॉरंटीचा बागुलबुवा. वॉरंटीतली गाडी असेल तर अटी वाचा, शेड्यूलप्रमाणे करा, पावत्या ठेवा, येवढं मी पण सांगेन. पण बाहेर हात लावला की सगळंच संपलं असं जे बिंबवलंय ना, ते आपल्याच देशात तपासून झालंय. २०१४ साली कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे बाजारातली दादागिरी तपासणाऱ्या आयोगाने, १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर काम केलं तर सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका असंही त्याच आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण कोर्टकचेऱ्यांत लांबलं, पण मुद्दा तिथेच आहे. २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे आपली वस्तू हवी तिथे दुरुस्त करण्याच्या हक्कासाठी, समिती नेमली त्यातही मोबाइल, शेतीची अवजारं यांच्याबरोबर गाड्या होत्याच. इकडे युरोपात २०१० चा नियम आहे, बाहेरच्या गॅरेजात नियमाप्रमाणे सर्व्हिस केली म्हणून वॉरंटी काढून घेता येत नाही. ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर एकाने अंगठा दाखवला आणि पुढच्या मिनिटाला कोणाच्या तरी मुलाच्या मार्कांचं अभिनंदन सुरू झालं.

आता एक गोष्ट मला प्रामाणिकपणे मान्य करायची आहे. ती नोटीस चुकीची नव्हती. तिच्यात दिलेलं कारण चुकीचं होतं. इथेही रस्त्यावर किंवा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ऑइल बदलताना दिसलात तर भाडेकरार दाखवतील, सांडलं तर दंड. कारण ते ऑइल जमिनीत गेलं की विहिरीत जातं. पण इथे त्याला वाट ठेवलीये. ज्या दुकानाने ऑइल विकलं त्याने तेवढंच काळं ऑइल फुकट परत घ्यायचं, पावती दाखवायची, कॅन द्यायचा. आणि काम करायला भाड्याचे वर्कशॉप आहेत. माझ्या घरापासून ११ किलोमीटरवर, रेल्वे यार्डाच्या मागे एक हॉल आहे, चार लिफ्ट, तासाला १८ युरो, हत्यारं तिथलीच, काळ्या ऑइलचं पिंप तिथेच. शनिवारी सकाळी आठला गेलात तर एक डेंटिस्ट बाई ब्रेकपॅड बदलताना दिसेल, शेजारी गवंडी, त्याच्या शेजारी मी. मालक फक्त ओरडतो की गाडी लिफ्टवर नीट बसली का बघ आणि बोल्ट हाताने सुरू कर, आवळायच्या गनने नको.

पुण्यात असं काय अवघड आहे? ज्या शहराने आकुर्डीत स्कूटर बनवली, पिंपरीत ट्रक बनवले, ज्याच्या टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय बसलीये, जिथे नाना पेठेत गेलात तर वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाडीचा कार्ब्युरेटरचा जेट मिळतो, त्या शहरात माणसाला स्वतःच्या गाडीचा ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल खाली सोडायचा बोल्ट, उघडायला दहा बाय वीसची जागा नाही. काळं ऑइल आपल्याकडेही घातक कचऱ्याच्या नियमांत आहे, पण कारवाल्या सामान्य माणसाने ते नेऊन द्यायचं कुठे? मग ते जातं सेंट्रिंगच्या प्लेटांना फासायला, खिडकीच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून, नाहीतर सरळ गटारात आणि तिथून मुठेत. सोसायटीने नोटिशीत हे लिहिलं असतं, खाली दोन ओळी की अमुक गॅरेजवाला काळं ऑइल घेतो, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण दर्जा राखावा. म्हणजे पान्याला हात लावणारा माणूस आपल्यातला नाही, येवढंच त्यांना सांगायचं होतं.

आणि हेच लोक खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात आणि दसऱ्याला गाडी धुऊन, म्हणजे धुऊन घेऊन, झेंडूची माळ घालतात, बॉनेटवर स्वस्तिक काढतात. ते बॉनेट आतून कसं उघडतं हे निम्म्यांना माहीत नसतं.

हे लिहितोय खरं पण मला तरी कुठे माहीत होतं. बाबांची चेतक स्कूटर होती, निळसर राखाडी, नंबर लागून मिळालेली. रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी ते तिच्याशी बसायचे. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, गॅप नखाने बघायचा. क्लचची वायर तुटली तर डिकीत दुसरी असायचीच. सायलेन्सर उतरवून कार्बन काढायचे. दोन तास, मग लाइफबॉय आणि राखेने हात घासायचे तरी नखांच्या कडा काळ्याच. मी बाजूला उभा राहायचो तर म्हणायचे, "तू वर जा, अभ्यास कर, तुला हे करायला लागू नये म्हणून तर सगळं चाललंय." मी जायचो. एकदा स्नेहसंमेलनाला ते शाळेत आले आणि मी मित्रांपासून त्यांची बोटं दिसू नयेत अशा बाजूला उभा राहिलो. बारा वर्षांचा होतो. त्यांनी ओळखलं का मला माहीत नाही, मी कधी विचारलेलं नाही.

पुढे मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो, चाकणला नोकरी केली, बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलो, आणि इकडे आलो. वयाच्या ३६ व्या वर्षापर्यंत मी एकही ड्रेन बोल्ट उघडला नव्हता. स्क्रीनवर हजारो बघितले होते. पहिल्यांदा त्या हॉलमध्ये उघडला तेव्हा गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलं, आणि त्या मालकाने फडकं फेकत मला पहिल्यांदा "डू" म्हटलं, म्हणजे "तुम्ही" सोडून "तू". ऑफिसात सहा वर्षांनी म्हणाले होते. हॉलमध्ये मला कोणी विचारत नाही की तू मूळचा कुठला, विचारतात की फिल्टर हाताने आवळलास की चावीने. तिथे मला जेवढं घरच्यासारखं वाटतं तेवढं या गावात कुठेच वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर आता पुण्यातही नाही.

कारण मागच्या डिसेंबरात मी बाबांना म्हटलं की यंदा तुमच्या गाडीचं ऑइल मी बदलतो, ट्रे आणलाय, काळं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला देऊ. खाली उतरलो, बाह्या सरसावल्या, तर वॉचमन धावत आला, "साहेब राहू द्या, मेकॅनिक बोलवतो." दोन काकू थांबल्या. आणि बाबांचा चेहरा मी बघितला. मला हळूच म्हणाले, "चल वर. लोक म्हणतील, मुलगा जर्मनीहून आला आणि याने गाडीखाली घातला." ज्या माणसाची नखं वीस वर्षं काळी होती तो म्हणाला. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी शोरूमला दिली, काउंटरवर फ्लश आणि ड्रेसिंगवर काट मारली, अलाइनमेंटवर मारायची राहिली कारण मागे लाइन होती आणि मला कसंतरीच वाटलं. तेव्हा मित्राला मी मोठ्या तोंडाने सुनावतोय ते कशाच्या जोरावर, हा प्रश्न मला पडतो. त्या पोराने जे केलं ते मी माझ्या बापाच्या पार्किंगमध्ये करू शकलो नाही. तो तिथे राहून करतोय, उद्या लिफ्टमध्ये त्याच लोकांना तोंड दाखवायचंय त्याला. मला विमान होतं.

येताना बाबांचा चेतकचा प्लगपाना घेऊन आलो. माळ्यावर खोक्यात होता, चेतक कधीच भंगारात गेली. २१ चा पाना आहे, आत्ताच्या गाड्यांना १६ चा लागतो, इथल्या कुठल्याच प्लगला तो बसत नाही. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावलं, बाकीची हत्यारं आहेत त्यांनाही.

गेल्या शनिवारी हॉलमधून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गाडी वर, खाली मी. बघत होते, बोलत नव्हते. मग म्हणाले बोल्टच्या आजूबाजूला आधी पूस, घाण आत जाते. पुसलं. घाई करू नको, शेवटचे थेंब येऊ देत. थांबलो. पाच मिनिटं ते थेंब दोघं बघत बसलो, तिकडे दुपारचा चहा झाला. नवा बोल्ट, नवं वॉशर, ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की टक करणाऱ्या टॉर्क रेंचचा आवाज त्यांना ऐकवला, त्यांच्याकडे कधी नव्हता तो. आई स्वयंपाकघरात गेल्यावर फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, "पुढच्या वेळी आलास की पहाटे करू. साडेपाचला. वॉचमन झोपलेला असतो."