आजोबा ९२ वर्षं जगले, मग बीपी कशाला मोजायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात झालेल्या हृदयरोगाच्या अभ्यासाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की आजोबा आठवड्यातनं दोनदा मटण खायचे, तंबाखू मळायचे, तरी ९२ वर्षं जगले, मग अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांचे आकडे आम्हा कोल्हापूरकरांच्या माथी कशाला मारता, आणि ही डॉक्टर मंडळी तर अंड्याबद्दल सुद्धा सारखं मत बदलतात. यातलं बरंचसं मला पटतं, आजोबांचं सोडून.

माझा मामा तालमीत वाढलेला, अंगानं भक्कम. बीपी कधी मोजलंच नाही, मला काय धाड भरलीय म्हणायचा. ४९ व्या वर्षी रंकाळ्यावरनं फिरून आला, चहा घेतला आणि गेला. आता तुमच्या आजोबांसमोर मी माझा मामा उभा करून काही सिद्ध होत नाही, आणि माझ्या मामासमोर तुमचे आजोबा उभे करूनही होत नाही. म्हणून तर हजारो माणसं लागतात, आणि वर्षानुवर्षं लागतात.

फ्रॅमिंगहॅममध्ये १९४८ साली ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसं घेतली. दर दोन वर्षांनी बोलवायचं, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट, वजन सगळं लिहून ठेवायचं आणि मग थांबायचं, कोणाला काय होतंय बघत. आधी मोजलं, आजार नंतर आला, सगळी किंमत या क्रमाला आहे. कारण हृदयविकाराचा झटका आल्यावर विचारलं की माणूस काहीतरी कारण शोधूनच सांगतो, टेन्शन होतं, परवा तेलकट खाल्लेलं, आणि झटक्याआधी दहा वर्षं त्याचं बीपी किती होतं हे तर कोणालाच माहीत नसतं. पुढं १९७१ ला त्यांची पोरं घेतली, २००२ ला नातवंडं. 'रिस्क फॅक्टर' (म्हणजे आजाराचा धोका वाढवणारी गोष्ट) हा शब्द आज आपल्या मेडिकल दुकानात पण ऐकू येतो, तो रुळला त्यांच्या १९६१ च्या पेपरनंतर.

त्याआधी काय समज होता बघा. वय वाढलं की बीपी वाढणारच, त्यात काय, असं चांगले चांगले डॉक्टर मानायचे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी कित्येक वर्षं चढत होतं आणि एप्रिल १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत. आणि 'वयाप्रमाणं एवढं असतंयच की' हे वाक्य मी आपल्याकडं अजून ऐकतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

गोऱ्यांचं म्हणालात ते मात्र बरोबर आहे. फ्रॅमिंगहॅम तेव्हा जवळजवळ सगळं गोरं होतं, आणि त्यांचं रिस्कचं गणित आपल्या लोकांना लावलं की धोका खरा आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणजे आपण जास्त सावध व्हायला पाहिजे, निवांत नाही. आणि आपल्या मातीतला अभ्यास आहे की! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासनं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासनं मागोवा घेतलाय, नंतर त्यांच्या मुलांचा पण. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपली बाळं हडकुळी असून त्यांच्यात चरबी त्या मानानं टिकून होती. स्वतः याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) सारखाच २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आणि चरबी जास्त तर शुगरचा धोका जास्त, त्यामुळं 'मी बारीक आहे, मला शुगर कशी होईल' हे आपल्याकडं चालत नाही.

अंड्याचं अर्धं पटतं. वर्षभरात काय काय खाल्लं हे आठवून सांगायचं म्हणजे चुका होणारच, तिथं निष्कर्ष डळमळतात. बीपी आणि तंबाखूचं तसं नाही, ते देशोदेशी परत परत तेच निघालंय, आणि आपल्या आयाबाया दातांना लावतात ती मिश्री पण तंबाखूच आहे.

एक विनंती आहे. आजोबांना भावंडं किती होती आणि त्यातली साठीच्या आत किती गेली, कशानं गेली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला लिहा. आणि तुम्ही स्वतः ४१ चे आहात म्हणालात, तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलंय ते पण लिहा.