महिना सांगा, मग पुढे जाऊ

सोलापूरला फोन केला की भाऊ हमखास टीव्हीवरच्या चर्चांवर येतो. "तुमच्या तिकडं कसं एकेकजण बोलतंय, आमच्याकडं नुसता कालवा." इतकी वर्षं इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहून, इथल्या मुलाखती बघून मला त्याचं हे निदान पटत नाही.

मध्ये बोलणं हा दोषच नव्हे. सोलापुरात साखर पेठेतल्या ओट्यावर मराठी, तेलुगू, कन्नड एकदमच चालतात. एकाचं संपायच्या आत दुसरा "व्हय की", "मग पुढं?" म्हणतो आणि सांगणाऱ्याला हुरूप येतो. डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कच्या ज्यू मंडळींच्या गप्पांत हेच टिपलं आणि १९८४च्या पुस्तकात मांडलं: असं मध्ये बोलणं आपुलकीचं असतं.

इथले वृत्तनिवेदक मात्र मुलाखतीत "हं", "अच्छा" म्हणतच नाहीत. माणसांच्या संभाषणाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज यांनी १९८५ मध्ये त्याचं कारण दाखवलं: उत्तर निवेदकासाठी नसतं, घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी असतं. सुरुवातीला मला हा कोरडेपणा बोचायचा. आता वाटतं, मंत्र्याला हुंकाराचा आधार मिळाला नाही की त्याचं उत्तर उघडं पडतं. मे १९९७ मध्ये बीबीसीवर जेरेमी पॅक्समन यांनी माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना तुरुंग खात्याच्या प्रमुखाबद्दल एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला. पुढची बातमी तयार नव्हती म्हणून ताणलं, असं पॅक्समन यांनीच नंतर सांगितलं. असेना! थेट उत्तर मिळत नाही हे साऱ्या देशानं पाहिलं.

आपल्याकडे नेमकं इथंच घोडं अडतं. निवेदकाचा प्रश्न चार वाक्यांचा, त्यातच त्याचं स्वतःचं मत. पाहुणा त्यातलं सोपं तेवढं उचलतो. त्यानं बगल दिली की निवेदक लगेच विरोधी प्रवक्त्याकडे वळतो, दोघांची जुंपते आणि मूळ प्रश्न कुणाच्या लक्षातही राहत नाही. आवाज नंतर चढतो, पण प्रश्न त्याआधीच हातातून निसटलेला असतो.

काहीजण म्हणतात, आपल्या संस्कृतीत मोठ्या माणसाला तेच तेच विचारणं उद्धटपणा ठरतो. मला हे अजिबात मान्य नाही. दिवाळी जवळ आली की आमच्याकडचा यंत्रमाग कामगार "मालक, बोनसचं काय ठरलं?" असं अदबीनंच विचारतो. मालकांनी सुताच्या भावाचा विषय काढला तर ऐकून घेतो आणि पुन्हा तेच विचारतो.

उजनी धरण जिल्ह्यात असून सोलापूर शहरानं वर्षानुवर्षं काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर दिवस काढले. त्यावर चर्चा होईल तेव्हा निवेदकानं "साहेब, रोज पाणी कोणत्या महिन्यापासून?" एवढंच विचारावं. महिन्याचं नाव कानावर पडेपर्यंत दुसऱ्या पाहुण्याकडे वळू नये.