‘फुकटचा इंटर्न’ कारखान्याला कितीला पडतो

बडोद्यातल्या मराठी उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतोय: ‘इंटर्न ठेवा, पगार वाचवा’. त्यात पाच मुद्दे आहेत. इंटर्न पहिल्या दिवसापासून निम्म्या पैशात पूर्ण काम देतो. अर्धा स्टायपेंड सरकार भरतं. पत्रावर ‘इंटर्न’ लिहिलं की पीएफ, ईएसआय, अपघाताची भरपाई, काहीच लागू होत नाही. दर सहा महिन्यांनी मुलं बदलायची, नोकरी द्यायची नाही. आणि भरतीचा खर्च वाचतो. असले संदेश एरवी न वाचता पुसतो. पण आमच्या आतेभावाचं मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत वीस माणसांचं ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचं (तारेच्या कॉइल गुंडाळायचं) युनिट आहे, आणि हे वाचून तो चार मुलं तोंडी बोलीवर घ्यायला निघाला. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी तिसरा मुद्दा, कारण तोच अंगाशी येणारा आहे. हा शोध अप्रेंटिसेस ॲक्ट, 1961 च्या कलम 18 वरून लागलेला दिसतो. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत, असं ते कलम म्हणतं खरं. पण त्याची सुरुवातच ‘या कायद्यात अन्यथा तरतूद नसेल तर’ अशी आहे, आणि अन्यथा तरतुदी भरपूर आहेत. कलम 14 प्रमाणे कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाच्या तरतुदी शिकाऊलाही लागू. कलम 16 प्रमाणे प्रशिक्षणाच्या ओघात अपघातात इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. कलम 15 प्रमाणे सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम नाही. आणि वाइंडिंगवाल्यांनी कलम 13 तर दोनदा वाचावं: शिकाऊला नगावर पैसे देता येत नाहीत. ‘कॉइलमागे इतके’ हा आपल्याकडचा सरसकट हिशेब इथे चालत नाही.

शिवाय ही सूट मिळते ती या कायद्याखाली करार करून तो सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेल्या उमेदवाराला. लेटरहेडवर ‘इंटर्न’ छापून आठ तास मशीनवर उभा केलेला मुलगा शिकाऊ ठरत नाही. तो तुमचा बिनानोंदणीचा कामगार आहे, असा दावा उद्या सहज उभा राहतो, आणि मग पीएफ-ईएसआयची थकबाकीही निघते. शिवाय संख्येलाही मर्यादा आहे. कंत्राटी धरून 30 किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं सक्तीचं, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. वीस माणसांचे पंधरा टक्के म्हणजे तीन. चौथा मुलगा बसतच नाही. नंदेसरीच्या केमिकलवाल्यांसाठी आणखी एक: धोकादायक उद्योगात शिकाऊचं वय किमान 18 लागतं.

आता ‘निम्म्या पैशात पूर्ण काम’. हे लिहिणारा वाइंडिंग शॉपच्या आत कधी गेलेला नसावा. 11 केव्हीच्या वितरण ट्रान्सफॉर्मरमध्ये एचव्हीच्या, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या बाजूच्या, एका फेजला तारेचे 2600 फेरे धरा. रेशोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजच्या गुणोत्तरात, चालणारा फरक साधारण अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे तेरा फेरे. फेरे मोजणारा काउंटर शून्यावर न आणता नव्या मुलाने कॉइल सुरू केली की तेवढे सहज चुकतात, आणि ते कळतं रेशो टेस्टला. तोवर कॉइल कोअरवर चढून वरचं योक (कोअरची वरची आडवी बाजू) बसलेलं असेल तर योकच्या पट्ट्या काढा, कॉइल उतरवा, नवी गुंडाळा, जोड पुन्हा करा, परत ओव्हनमध्ये वाळवा. त्याहून वाईट म्हणजे तारेचं इनॅमल (वरचा इन्सुलेशनचा लेप) खरचटणं. ते रेशोला कळत नाही. दुप्पट व्होल्टेजच्या चाचणीत, टाकीत तेल भरल्यावर, फेऱ्यांमध्ये शॉर्ट होऊन बाहेर येतं.

हे टाळायला कुणीतरी मुलाच्या शेजारी उभं राहावं लागतं. समजा सुपरवायझरचा पगार 40,000 आहे आणि तो आठांपैकी दोन तास शिकवण्यात घालवतो. म्हणजे महिना 10,000 तिथेच गेले. 2019 च्या नियमांनी आयटीआयवाल्याला ठरवलेला किमान स्टायपेंड 7,000 होता. शिकवण्याचा खर्च स्टायपेंडहून जास्त!

म्हणून क्रम पाळावा. पहिला आठवडा सुरक्षितता आणि ड्रॉइंग वाचन. मग महिनाभर प्रेसबोर्डचे (इन्सुलेशनच्या जाड पुठ्ठ्याचे) स्पेसर कापणं, मायक्रोमीटरने तार मोजणं. त्यानंतर जाड पट्टीची, कमी फेऱ्यांची एलव्ही (कमी व्होल्टेजच्या बाजूची) कॉइल, जुन्या वाइंडरच्या हाताखाली. एचव्ही तीन महिन्यांच्या आत नाही. पॉवर प्रेस आणि टेस्ट बे (चाचणीची जागा) तर नाहीच.

सरकारच्या पैशांबद्दल अर्धसत्य आहे, तेवढं मान्य करतो. पण संदेशात तीन योजनांची भेसळ झालीये. नॅप्स या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत केंद्र स्टायपेंडचे 25 टक्के, तेही महिना 1,500 पर्यंतच देतं, आणि 2023 पासून ते थेट मुलाच्या खात्यात जातं. निम्मा वाटा मिळतो तो नॅट्स या दुसऱ्या अप्रेंटिसशिप योजनेत, पदवी-पदविकावाल्यांच्या किमान स्टायपेंडवर. आणि 2024 ची पंतप्रधान इंटर्नशिप योजना, ज्यात सुरुवातीला महिना 5,000 पैकी 4,500 सरकारचे होते, ती देशातल्या आघाडीच्या 500 कंपन्यांसाठी आहे. मकरपुऱ्याच्या शेडचा तिच्याशी संबंध नाही.

सहा महिन्यांनी मुलं बदलण्याबद्दल काय बोलणार? वरचा हिशेब पाहा: मुलगा एचव्ही कॉइल धड करायला लागतो तेव्हाच त्याला निरोप द्यायचा आणि पुढच्यावर परत दहा-दहा हजार घालायचे. नोकरी देण्याची सक्ती नाही, हे बरोबर. पण करारात तशी अट घातली असेल तर ती पाळावी लागते, आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर शिकाऊंना घेण्याबाबतचं स्वतःचं धोरण प्रत्येक मालकाने ठरवायचं आहे.

पाचवा मुद्दा तेवढा खरा. वर्षभर डोळ्यासमोर काम केलेल्या मुलाचा हात, हजेरी आणि स्वभाव माहीत असतो. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत ते कळत नाही.

ज्यांनी मुलं आधीच तोंडी घेतली आहेत, त्यांनी या आठवड्यात एवढं करावं: पोर्टलवर आस्थापनेची नोंद, प्रत्येकाचा करार (अल्पवयीन असेल तर पालकाच्या सहीने), स्टायपेंड रोख न देता बँकेत, आणि करार होईपर्यंत मुलं मशीनपासून लांब.