नोकरी एकाची, बदली दोघांची

शहर बदललेल्या जोडप्याला सगळेजण एकच विचारतात, "लागलं का घर?" आई विचारते, सासूबाई विचारतात, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात. विचारण्यात माया असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण कपाटं भरली, पडदे लागले, वायफाय सुरू झालं की माणसं रुळली असं आपण धरून चालतो, आणि ते मला पटत नाही. घर लवकर लागतं. माणसाचं बस्तान बसायला कितीतरी जास्त वेळ जातो, आणि दोघांचं एकाच वेगाने बसत नाही. ज्याच्या नोकरीसाठी शहर बदललं त्याचं आधी बसतं. मग दुसऱ्याचं बसवायचं काम कुणाचं? माझं ठाम मत आहे की ते ज्याची नोकरी त्याचं काम आहे, आणि हे सामान बांधायच्या आधी बोलून ठरवायला हवं.

आम्ही नवऱ्याच्या नोकरीसाठी शहर बदललं. निर्णय दोघांचा, नीट विचार करून घेतलेला. मी माझी नोकरी सोडली, नव्या जागी दुसरी शोधायची असं ठरलं. तो रुजू झाला त्या दिवशी त्याचं टेबल तयार होतं, ओळखपत्र तयार होतं, काही अडलं तर कुणाला विचारायचं हे सांगणारा माणूस होता. संध्याकाळी घरी आला तो नवी नावं घेऊन आला. माझ्यासमोर अर्धी उघडलेली खोकी होती, आणि दिवसभरात मी बोलले होते ते फक्त सामान उतरवणाऱ्यांशी. यात कुणाचंही वाईट वागणं नव्हतं. नोकरीवर जाणाऱ्याला नवं शहर आयती माणसं, आयती वेळ, आयती जागा देतं. मागून येणाऱ्याला यातलं प्रत्येक शून्यापासून उभं करावं लागतं.

अर्थशास्त्रात हा हिशोब फार पूर्वी मांडला गेलाय. जेकब मिन्सर या अर्थतज्ज्ञाने 1978 साली कुटुंबं स्थलांतराचा निर्णय कसा घेतात यावर लिहिलं. मांडणी साधी आहे. एकट्या माणसाला नव्या शहरात फायदा दिसला तर तो जातो, नाही तर राहतो. जोडप्याच्या बाबतीत दोघांचा नफा-तोटा एकत्र मोजला जातो, आणि एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्याहून मोठा असला की बिऱ्हाड हलतं. म्हणजे घराची बेरीज वाढते, पण त्या बेरजेच्या पोटात एक माणूस वजाबाकीत असतो. एकटा असता तर तो हललाच नसता. मिन्सरच्या सिद्धांतात हा माणूस नवरा असेल किंवा बायको. पण बायकांची कमाई कमी आणि मध्येमध्ये खंड पडलेली, त्यामुळे प्रत्यक्षात त्या जागी बहुतेक वेळा बायकाच सापडतात, हेही त्यात आलंय. त्यानंतर काळ बराच बदलला. आज बायकोच्या नोकरीमुळे शहर बदलणारे नवरे माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांची घुसमट माझ्याहून वेगळी नाही. उलट त्यांना ती बोलूनही दाखवता येत नाही.

एकाचा तोटा झाला म्हणजे निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. आमचा चुकलेला नाही. पण घराला जो फायदा झाला, त्यातून वजाबाकीतल्या माणसाची भरपाई व्हायला हवी, आणि ती पगारातून होत नाही. ती वेळातून करावी लागते.

"एवढं काय, घरच तर बदललंय" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 घटनांची यादी करून प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, लग्नाला 50. घर बदलण्याला फक्त 20. वरवर पाहिलं तर किरकोळ. पण त्याच यादीत राहणीमानातल्या बदलाचे 25 वेगळे आहेत, सवयी बदलण्याचे 24, करमणुकीत बदल झाल्याचे 19, लोकांतल्या ऊठबशीत बदल झाल्याचे 18, झोपेच्या सवयी बदलल्याचे 16, घरच्यांच्या भेटीगाठी कमीजास्त झाल्याचे 15. नव्या शहरात हे सगळं एकदम येतं. बेरीज 137. वर कुणाची कमाई थांबली असेल तर आर्थिक स्थितीतल्या बदलाचे 38, म्हणजे 175. दीडशेच्या पुढे आजारपणाची शक्यता वाढते असं ते मानत. आकड्यांना मी वेदवाक्य समजत नाही, माणसागणिक फरक असणारच. पण एका घटनेच्या पोटात किती गोष्टी दडलेल्या असतात, ते ही यादी छान दाखवते. त्यात मूळ यादीतली एक ओळ मला फार बोलकी वाटते. "पत्नीने नोकरी सुरू केली किंवा सोडली" याला 26 गुण आहेत, आणि ते नवऱ्याच्या खात्यात धरलेले आहेत.

आता भरपाई म्हणजे नेमकं काय, ते सांगते. नव्या घराची कामं दिसायला बारीक असतात. पत्ता बदलून घेणे, बँकेत जाणे, गळका नळ, न लागणारी कडी, इंटरनेटवाला. यातलं अर्धंअधिक काम म्हणजे नुसतं वाट पाहणं. प्लंबर "अकरा ते चारमध्ये कधीही येतो" म्हणतो आणि अख्खा दिवस त्याच्या नावावर जातो. "तू घरीच आहेस ना, तेवढं बघ" हे वाक्य म्हणणाऱ्याला सोयीचं वाटतं, ऐकणाऱ्याचा आठवडा मात्र त्यात संपतो. नोकरी शोधणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. ते दोन बेलच्या मध्ये होत नाही. आम्ही ठरवलं की वाट पाहायची कामं शनिवारी लावायची, आणि शनिवारी जमणार नसेल तर ज्या दिवशी प्लंबर वगैरे येणार त्या दिवशी नवरा घरून काम करेल. माझी मुलाखत असलेल्या आठवड्यात घराचं सगळं त्याच्याकडे. त्याच्या ऑफिसात सुरुवातीला हे सांगताना त्याला अवघडल्यासारखं झालं, तरी त्याने सांगितलं. मला त्याचं मोल फार वाटतं.

दुसरी गोष्ट कागदाची. भाड्याच्या करारावर दोघांचं नाव घाला. नोकरी एकाची म्हणून करार एकाच्या नावाने होतो, विजेचं बिल त्याच्या नावाने येतं, आणि मग मागून आलेल्या माणसाकडे आपण इथे राहतो हे सांगणारा एकही कागद नसतो. बँकेतलं खातं असो की वाचनालयाचं सभासदत्व, जिथे जावं तिथे पत्त्याचा पुरावा मागतात. प्रत्येक वेळी जोडीदाराचं पत्र, जोडीदाराची सही. कमावत्या, शिकल्यासवरल्या बाईला हे किती लागतं, ते त्या खिडकीशी उभं राहिल्यावरच कळतं. करार करतानाची पाच मिनिटं पुढचं सगळं वाचवतात.

माणसं जोडायची कशी, यावर एक जुना अभ्यास मला फार आवडतो, कारण तो आमच्यासारख्या जोडप्यांचाच आहे. अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारात वेस्टगेट नावाची वसाहत होती. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर शिकायला आलेले विवाहित विद्यार्थी आपापल्या बायकांसह राहायला आले. सगळेच नवे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी तिथे मैत्री कुणाशी जमते ते पाहिलं आणि 1950 साली ते प्रसिद्ध केलं. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दाराशी मैत्री जमल्याचं प्रमाण 41 टक्के, एक दार सोडून पलीकडे 22 टक्के, मजल्याच्या दोन टोकांना 10 टक्के. अंतर होतं काही पावलांचं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्याशी जास्त ओळख झाली, कारण येता-जाता लोक त्यांच्या दारावरून जात. स्वभाव जुळतो का, आवडीनिवडी काय, हे सगळं नंतरचं. आधी तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसावा लागतो.

म्हणून नव्या ठिकाणी मी मोठमोठ्या कार्यक्रमांना जाण्याच्या फंदात पडले नाही. रोज त्याच वेळी त्याच बागेत चालायला जाणं, त्याच वाचनालयात बसणं, लिफ्टमध्ये नुसती मान न हलवता नाव विचारणं, हे जास्त उपयोगी पडलं. पण याला वेळ लागतो, आणि तो किती ते लोक फार कमी धरतात. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतंच गाव बदललेल्या लोकांना विचारलं होतं. नुसत्या ओळखीची बऱ्यापैकी मैत्री व्हायला साधारण 50 तास, खरी मैत्री व्हायला 90, आणि जिवाभावाची व्हायला 200 च्या वर. आठवड्यातून दोन तास भेटणाऱ्या बाईशी पहिला टप्पा गाठायलाच सहा महिने लागतात! तेव्हा दोन महिन्यांत "मला इथे कुणीच नाही" असं वाटलं तर तुमच्यात काही खोट नाही. तास अजून भरलेले नाहीत, इतकंच.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट नवऱ्याच्या बाजूची आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. एकत्र काम करताना घालवलेले तास मैत्रीसाठी तितकेसे धरले जात नाहीत. म्हणजे ऑफिसात दिवसभर माणसांत असणारा माणूसही मित्रांच्या बाबतीत रिकामाच असू शकतो. त्याचं रिकामपण दिसत नाही, कारण तो दमलेला असतो. आमच्याकडे सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळचीच होती. तो दिवसभर बोलून थकलेला, मी दिवसभर बोलायला आसुसलेली. त्याला गप्प बसायचं, मला सगळं सांगायचं. त्यात "आज दिवसभर काय केलंस?" हा प्रश्न. त्याच्या तोंडी तो साधा असे, माझ्या कानाला झडतीसारखा लागे. शेवटी आम्ही आल्या आल्या बोलायचंच नाही असं केलं. थोडा वेळ ज्याचा त्याचा, मग खाली उतरून एक फेरी. चालताना बोलणं सुचतं, समोरासमोर बसल्यावर येणारी चिडचिड निम्मी होते.

जोडीदार हाच एकुलता एक मित्र होणं हे नव्या शहरातलं मोठं संकट आहे असं मी मानते. ऐकायला गोड वाटतं, "आम्ही दोघंच एकमेकांना". पण जी बडबड पूर्वी चार मैत्रिणींत, बहिणीत, शेजारणीत वाटली जायची ती सगळी एकाच माणसावर येऊन पडते, आणि कोणताही माणूस तेवढा पुरा पडत नाही. म्हणून आठवड्यात एक संध्याकाळ दोघांनी वेगवेगळं बाहेर पडावं. त्याच्या ऑफिसातल्यांशी झालेली माझी ओळख ही त्याच्यामार्फत झालेली असते, तो नोकरी सोडेल त्या दिवशी ती संपेल. मला माझ्या नावाने ओळखणारी माणसं हवीत.

गाडीचंही तेच, ती स्वतः चालवावी. शेजारी बसून शहर कळत नाही. रस्ता आपण ठरवला, चुकलो, परत फिरलो की डोक्यात नकाशा तयार होतो. जागेची नोंद ठेवणाऱ्या मेंदूतल्या पेशींच्या शोधासाठी 2014 चं नोबेल मिळालं, त्यात जॉन ओकीफ यांच्याबरोबर माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर हे तेव्हाचं जोडपं होतं. हे दोघं 1996 साली नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला गेले तेव्हा तिथल्या विद्यापीठात दोघांनाही नोकरी मिळाली होती. पुढचं काम त्यांनी तिथेच उभं केलं. एकाला बोलावताना दुसऱ्याचाही विचार झाला तर काय होऊ शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. लाखो रुपये खर्चून माणूस निवडणाऱ्या कंपन्या सामानाच्या ट्रकचे पैसे देतात, विमानाचं तिकीट देतात. "तुमच्या जोडीदाराचं काम काय, त्यांना इथे कुणाशी जोडून देऊ का?" एवढं एक वाक्य का विचारत नाहीत? त्याला काही खर्च येत नाही.

आणि शेवटी आळीपाळीचा प्रश्न. 2008 साली ऑस्ट्रियातल्या जोडप्यांच्या माहितीवर एक अभ्यास झाला. वारंवार जागा बदलणाऱ्या जोडप्यांमध्ये वेगळं होण्याचं प्रमाण लक्षणीय जास्त दिसलं, एकदा बदलणाऱ्यांत तसं नव्हतं. मला त्यात नवल वाटत नाही. एक बदली प्रेमाने पेलता येते. पण दर वेळी वजाबाकीत तोच माणूस असेल तर प्रेमालाही ते जड जातं. आमच्यात ठरलंय की पुढच्या वेळी शहर निवडताना आधी माझं काम बघायचं, त्याचं नंतर. हे त्यानेच सुचवलं आणि आम्ही दोघांनी ते लिहून ठेवलंय. माझी इथली नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होते आहे. त्या दिवशी गॅसची जोडणी तपासायला माणूस येणार आहे, आणि घरी नवरा थांबणार आहे.

तुमच्याकडे हे कसं झालं, विशेषतः जे नवरे बायकोच्या नोकरीमागे गेले त्यांच्याकडे, ते मला खरंच ऐकायचं आहे. मोकळेपणाने लिहा.